कोकणातला पावसाळा आणि घरगुती वस्तूंनी केलेली साफसफाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ आहे. चिऱ्यांच्या भिंती, कौलारू छप्पर आणि चारी बाजूंनी माड. पावसाच्या चार महिन्यांत इकडे ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८५-९० टक्क्यांवर असते. फिनेल, ॲसिड आणि डांबराच्या गोळ्या आम्ही बंद केल्या त्याला पंधरा वर्षं झाली. मुंबईच्या नातेवाइकांपासून गावात नवं घर बांधलेल्यांपर्यंत सगळे साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

व्हिनेगर, सोडा, लिंबू सगळं वापरून झालं, तरी आठ दिवसांत बुरशी परत येते. काय चुकतं?

बहुतेक वेळा वस्तू बरोबर असते, पण ओल तशीच राहिलेली असते. बुरशीचे बीजाणू घराच्या हवेत कायमच असतात, ते पूर्ण घालवणं कुणालाच जमत नाही. त्यांना रुजायला ओल लागते, आणि ओली राहिलेली जागा एक-दोन दिवसांत त्यांना पुरते. तुम्ही व्हिनेगरने कपाट पुसलं आणि दार लावून घेतलं, तर बुरशी काढता काढता तिला पाणीही घातलंत.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा रोज सकाळी ओल्या फडक्याने सगळं घर पुसायचे. सासूबाई एकदा म्हणाल्या, "आधी सुकय गो, मगे पूस." मला तेव्हा ते उलटं वाटलं. आता मी तेच करते. भर पावसात लादी रोज ओली पुसत नाही. केर काढते, डाग असेल तेवढाच पुसते आणि लगेच कोरडं फडकं फिरवून पंखा लावते. आठवड्यातून दोनदा उघडीप बघून सगळं घर पुसते.

खिडक्यांचंही तसंच. दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या की घर सुकतं, हा समज पावसाळ्यात खरा नाही. झड चालू असताना बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. पाऊस थांबून ऊन पडलं की समोरासमोरच्या खिडक्या तासभर उघडायच्या, पुन्हा भरून आलं की लावायच्या. काही शे रुपयांत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते जरूर घ्या. आकडा ६० च्या खाली आणायचा असतो. आमच्याकडे जुलैत तो तितका उतरत नाही, पण ९० वरून ७० वर आला तरी कपाटात फरक कळतो.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे कसं ओळखायचं?

प्लास्टिकचा वीतभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस थांबा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला दमटपणा आला तर हवेतून.

भिंतीतून येत असेल तर साफसफाईने काही होणार नाही. सरकलेलं कौल, तुंबलेला पन्हळ, वळचणीच्या पागोळ्यांचं पाणी पायथ्याशी साचणं, हे आधी बघायला हवं. आगोटीच्या म्हणजे पावसाआधीच्या कामांत कौलं चाळणं आणि पडवीला झापांच्या (माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या) झडी, म्हणजे आडोसे, बांधणं असायचं, ते याचसाठी. पश्चिमेच्या भिंतीला झडी असलेलं घर आणि नसलेलं घर ऑगस्टमध्ये आत शिरताच वासावरून ओळखता येतं.

हवेतून येत असेल तर कपाटं, पेट्या, पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. मागून हवा खेळू दे.

भिंतीवरची काळी बुरशी कशी काढायची?

कोरड्या झाडूने कधीही झटकू नका. तिचे बीजाणू घरभर उडतात. नाका-तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे, आणि खोलीचं आतलं दार बंद.

लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. आधी फवारून जागा ओलसर करा, मग ब्रशने घासा. ओरखडताना काळं पाणी खाली ओघळतं, ते जुन्या फडक्याने वरचेवर टिपायचं, नाहीतर खालचा स्वच्छ भागही रंगतो. मग साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून एक पूर्ण दिवस पंखा लावा. वापरलेली फडकी फेकून द्या.

चुन्याच्या किंवा सिमेंटच्या भिंतीवर मी व्हिनेगर वापरत नाही, कारण आम्ल चुन्याला खातं. काच, ग्लेझ्ड टाइल, प्लास्टिक, फ्रिजच्या दाराचं रबर इथे मात्र व्हिनेगर उत्तम. पाणी न घालता लावा, तासभर ठेवा, मग पुसा. बुरशीचा पट्टा तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल, किंवा घरात दम्याचं माणूस असेल, तर स्वतः हात घालू नका, माहीतगार माणसाकडून करून घ्या.

मग भिंतीला रंग कोणता द्यावा?

चिऱ्याच्या जुन्या भिंतीला चुनाच. भिजलेल्या चुन्याचा सामू (pH) १२ च्या वर असतो आणि इतक्या अल्कधर्मी जागेत बुरशीला धरता येत नाही. शिवाय चुन्यातून वाफ बाहेर पडते, भिंत सुकू शकते. तकतकीत प्लास्टिक पेंट ती वाट बंद करतो आणि दोन पावसांत पापुद्रे सुटायला लागतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू चुनखडी होतो, तसा त्याचा हा गुण कमी होतो. दरवर्षी पावसाआधी चुना काढायची जी रीत होती, तिच्यामागे हे कारण आहे. डोळ्यांना चष्मा लावून काम करा. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहून लगेच डॉक्टरकडे जायचं.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून वापरावं का?

नको. फेस छान दिसतो, पण एक अल्क आणि एक आम्ल एकमेकांना मारतात. मागे उरतं ते जवळजवळ पाणीच. तुंबलेल्या मोरीत त्या फेसाच्या धक्क्याने थोडा गाळ सुटतो, तेवढाच उपयोग. घासायचं असेल तिथे सोडा वापरा, धुऊन टाका, मग हवं तर व्हिनेगर.

आणखी एक गोष्ट. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा वेगळे. खायचा सौम्य असतो, धुण्याचा चांगलाच जहाल. तो ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आणि रेशमाला लावू नका.

लिंबू, व्हिनेगर, चिंच कुठे अजिबात वापरायचं नाही?

शहाबादी फरशी, कडप्पा, संगमरवर आणि मोझॅक. शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत, मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे असतात. आमच्या पडवीत शहाबादी आहे. एका जुलैत तेलाचा डाग निघावा म्हणून मी लिंबाची फोड घासून तशीच ठेवून दिली. उचलली तर खाली पांढरट, खरखरीत गोल उमटलेला. डाग तर नव्हताच, तिथली झिलईही गेली होती. तो गोल अजून आहे. अशा फरशीला रिठ्याचं पाणी किंवा नुसतं कोमट पाणी पुरे. आपली फरशी कोणती हे कळत नसेल तर कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर आम्ल लांब ठेवा.

न्हाणीघरातल्या साध्या टाइल आणि नळावरचे क्षाराचे पांढरे थर मात्र आम्लानेच जातात. लिटरभर पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड घ्या. ते किराणा दुकानात लिंबूफूल म्हणूनही मिळतं. पंधरा मिनिटं ठेवा, घासा, धुवा, कोरडं करा.

रिठ्याचं पाणी कसं करायचं? दमट हवेत टिकतं का?

दहा-बारा रिठे फोडून, बी काढून, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळा, निवल्यावर कुस्करून गाळा. लादी, भांडी, रेशमी आणि लोकरी कपडे, देवघरातलं चांदीचं सामान, सगळ्याला चालतं. बाजारच्या साबणाइतका फेस येणार नाही, तरी मळ निघतो.

टिकण्याचं म्हणाल तर पावसाळ्यात बाहेर तीन दिवसांत आंबतं. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. मी एकदम जास्त करत नाही, उरलं तर बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवते. रिठ्यातलं फेसाळ द्रव्य माशांना घातक असतं, म्हणून हे पाणी विहिरीच्या काठावर किंवा व्हाळात (ओढ्यात) ओतू नका. माडाच्या आळ्यात चालतं.

बायोएन्झाइम खरंच काम करतं?

करतं, पण जितकं सांगितलं जातं तितकं नाही. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंबी-अननसाच्या साली, दहा भाग पाणी, हे प्रमाण. प्लास्टिकच्या बाटलीत तीन महिने आंबवायचं. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, नाहीतर बाटली फुगून फुटते. काचेची बरणी याला वापरू नये. तयार होतं ते सौम्य आम्लाचं पाणी. लादीचा चिकटपणा, मोरीचा वास यांना ते चांगलं, जंतुनाशक मात्र समजू नका, आणि वर सांगितलेल्या दगडांवर वापरू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये घातलं तर जूनला हाताशी येतं. भर पावसात लावलेल्या बाटलीवर आमच्याकडे दोनदा काळी बुरशी आली. पांढरा पातळ थर आला तर ढवळून पुढे जाता येतं, काळा आला तर सगळं खतात घालायचं. वापरताना बादलीभर पाण्याला अर्धी वाटी पुरे. घट्ट वापरलं तर गुळाचा अंश राहून मुंग्या लागतात.

तांब्या-पितळेची भांडी पावसात दोन दिवसांत काळी-हिरवी पडतात. काय करावं?

आमच्याकडे यासाठी वेगळी वस्तू आणावी लागत नाही. सोलकढी करून उरलेली सोलं (कोकमाची सुकवलेली सालं) वाटीत जमवून ठेवायची. न्हाणीघरातलं तांब्याचं घंगाळ मी अशानेच घासते. सोलं मुठीत धरून कडेपासून तळाकडे फिरवत न्यायची. बोटाखाली आधी खरखर लागते, मग एका क्षणी हात घसरायला लागतो आणि तिथे तांब्याचा कोवळा गुलाबी रंग दिसतो. सोलांतल्या आम्लात वरचा काळा थर विरघळतो. मग चाळलेली राख आणि नारळाचं सोडण (वरचं काथ्याचं साल) घेऊन एक हात, आणि भरपूर पाणी. राखेत अल्क असतं, ते उरलेलं आम्ल मारतं आणि तेलकटपणाही काढतं.

गोम शेवटच्या दोन कामांत आहे. मीठ लावलेली सोलं किंवा आगळ (खारवलेला कोकमाचा रस) वापरलंत तर मिठाचा कण भांड्यावर राहतो, हवेतली ओल ओढतो आणि हिरवा गंज पहिल्यापेक्षा लवकर चढतो. म्हणून दोनदा धुवायचं, आणि पालथं घालून निथळत न ठेवता लगेच कोरड्या सुती फडक्याने पुसायचं. चुलीजवळ पाच मिनिटं ठेवलं तर आणखी चांगलं. सोलांऐवजी चिंच चालते.

कपाटातल्या साड्या, पुस्तकं, चामड्याच्या वस्तू कशा जपायच्या?

डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांतलं नॅफ्थलीन तान्ह्या बाळांना त्रासदायक असतं, आणि ज्यांच्यात जी-६-पी-डी या एन्झाइमची कमतरता आहे त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. वेखंडाचे तुकडे, लवंगा, सुकलेला कडुनिंबाचा पाला यांच्या पुरचुंड्या ठेवा. त्यांनी कसर लांब राहते. कापडाला थेट लागू देऊ नका, तेलाचे पिवळे डाग पडतात.

यांतल्या एकानेही ओल जात नाही, हे लक्षात असू द्या. कापूरही हवा कोरडी करत नाही, तो नुसता वास झाकतो. मिठाची वाटी स्वतःच पाझरते. ओल ओढायला कळीचा चुना चांगला. झाकणाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा अर्धाच भरा, कारण चुना ओल घेऊन फुगतो. मुलांचा हात पोचेल तिथे ठेवू नका, आणि त्यावर पाणी पडू देऊ नका, तो उकळतो. पीठ झाला की बदला.

साड्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. आमच्या सासूबाईंचा शालू चाळीस वर्षांहून जुना आहे. पावसाळ्यात उघडीप मिळाली की तो सावलीत, वाऱ्यावर पसरते आणि घडी बदलून ठेवते, त्यापलीकडे त्याला काही लागलेलं नाही. चामड्याच्या चपला-पट्ट्यांवरची बुरशी अंगणात नेऊन पुसा आणि वर खोबरेल चोपडू नका. लाकडाचंही तेच, तेल लावायचं ते मे महिन्यात.

धुतलेल्या कपड्यांचा कुबट वास कसा घालवायचा?

तो वास जिवाणूंचा असतो. कपडा जितका वेळ ओला, तितके ते वाढतात. शेवटच्या खळबळीच्या बादलीत अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घाला, त्याने वास कमी होतो. दोरीवर दोन कपड्यांत वीतभर अंतर आणि खाली पंखा, हे मात्र त्याहून महत्त्वाचं. जाड कपडे झडीच्या आठवड्यात धुऊच नका. बाळाची दुपटी पूर्वी निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली ठेवून सुकवत. बंद खोलीत तसं करू नका, निखाऱ्यांचा विषारी वायू कळत नाही. आता शेवटी इस्त्री फिरवली तरी काम होतं.

अंगणातल्या पायऱ्यांवरच्या शेवाळाला काय करायचं?

घसरून खुबा मोडलेली दोन माणसं आमच्या वाडीतच आहेत, त्यामुळे हे काम मी कधी पुढे ढकलत नाही. भरड वाळू आणि ताठ खराटा घेऊन घासा, उघडीप असेल तेव्हा चुन्याचं पातळ पाणी मारा आणि ते सुकेपर्यंत तिथे कुणाला फिरकू देऊ नका. रोजच्या वाटेवर नारळाची सोडणं किंवा काथ्याची पायपुसणी टाका. वर सावली धरणारी फांदी असेल तर मे महिन्यात छाटा. ऊन पोचतं तिथे शेवाळ धरत नाही.

धुरी दिल्याने हवा शुद्ध होते का?

डास पांगतात आणि कुबट वास दबतो. पण धूर तो धूरच, कडुनिंबाचा असला तरी फुप्फुसांना त्रास देतोच. घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल तर देऊ नका.

नैसर्गिक आहे म्हणजे सुरक्षितच ना?

नाही, आणि हे मी प्रत्येकाला सांगते. कापूर गिळला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. निलगिरीचं तेल पोटात जाणं मुलांना धोक्याचं, टी-ट्री तेल मांजरांना. बिब्ब्याने कातडीवर फोड येतात. सगळ्या बाटल्यांवर नाव आणि तारीख लिहा, सरबताच्या बाटलीत काहीही भरू नका.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या पाण्यात व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड, बायोएन्झाइम यांतलं काहीही मिसळायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो. छोट्या न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो.

घरात पुराचं पाणी शिरलं तर हेच उपाय चालतील?

इथे माझं मत स्पष्ट आहे : नाही. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा घरोघरी चिखल, गटाराचं पाणी आणि मेलेली जनावरं एकत्र झाली होती. अशा पाण्यात उंदरांच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) पसरतो. चिखल ओला असतानाच उपसा, सुकला की दगड होतो. गमबूट आणि मोजे घाला, आणि शेवटी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका. नंतर ताप आला तर पुराच्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना सांगा.

आम्ही मुंबईला असतो, घर जूनपासून थेट गणपतीलाच उघडतं. जाताना काय करून जावं?

घर धुऊन लगेच कुलूप लावू नका. धुणं निदान चार दिवस आधी उरका, मग दारं-खिडक्या उघड्या टाकून सुकवा. गाद्या मे महिन्याच्या उन्हात दोन दिवस तापवून, फळीवर उभ्या करून ठेवा. कपाटांची दारं किलकिली, फ्रिज रिकामा, कोरडा आणि दार उघडं. मोरीच्या तोंडावर फडक्यात बांधलेल्या वाळूची पुरचुंडी ठेवा. शेजाऱ्यांकडे एक किल्ली द्या आणि उघडीप दिसली की दोन तास समोरची-मागची दारं उघडायला सांगा. बाकी सगळ्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

गणपतीच्या आदल्या दिवशी रात्री पोचून लगेच झाडायला घेऊ नका, सगळी बुरशी उडून नाकात जाते. शक्य तर दोन दिवस आधी या. आधी सगळं उघडून तासभर अंगणात बसा, मग मास्क लावून ओलसर फडक्याने वरून खाली पुसत या : वासे, माटवीची (गणपतीच्या वर फळं-पानं बांधायची) चौकट, मग भिंती, शेवटी जमीन. माटवीची चौकट सुकायला पूर्ण एक दिवस लागतो, कवंडळं (रानफळं) आणि सुपाऱ्यांचे घड बांधायचे ते त्यानंतर.